गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीपलीकडची हिस्टॉलॉजी

सूक्ष्मदर्शकाखाली ऊतकाचा काप गुलाबी आणि जांभळा दिसतो, पण हे रंग शरीराचे नसतात. रंग न चढवलेला काप भिंगाखाली ठेवला, तर तो काचेवर चिकटलेल्या ओल्या पातळ कागदासारखा भासतो; एक पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, तेही समजत नाही. जांभळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा. मेक्सिकोतल्या काम्पेचे भागाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका झाडाच्या गाभ्यातून तो निघतो आणि पेशीच्या केंद्रकाला धरतो. गुलाबी रंग इओसिनचा. तो १८७०च्या दशकात जर्मनीतल्या रंगरसायनांच्या प्रयोगशाळांतून बाहेर पडला आणि केंद्रकाभोवतीचा पेशीरस, स्नायू, तंतू यांच्यावर चढतो. दोन्ही मुळात कापडाचे रंग. हिमॅटॉक्सिलिन एकटे टिकत नाही. ते पक्के करायला तुरटी लागते, आणि ही युक्ती प्रयोगशाळेने रंगाऱ्यांकडूनच उचलली. १८७६ मध्ये हे दोन रंग एकाच कापावर चढवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. दीडशे वर्षे होत आली, तरी जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्याची ऊतकाशी पहिली भेट याच जोडीतून होते.

सुरतेच्या पांडेसरा-सचिनच्या डाईंग मिलमध्ये काम केलेल्या माणसाला यात फारसे नवल वाटणार नाही. प्रयोगशाळेचे आणखी एक नाते या गावाशी जुळते. काप काढण्याआधी आणि काचेवर बसवताना ऊतक झायलीनमधून जाते. हे झायलीन म्हणजे ऑर्थो, मेटा आणि पॅरा अशा तीन भावंडांचे मिश्रण. त्यातल्या पॅराझायलीनपासून पीटीए हे रसायन होते आणि पीटीएपासून पॉलिएस्टर. तापीच्या मुखाशी, हजीऱ्यात, रिलायन्सच्या कारखान्यात हेच पीटीए बनते, आणि शहरातले लूम पॉलिएस्टरवरच चालतात. हजीऱ्याकडून आत शहरात आले की मजुरा गेटजवळ नवे सिव्हिल हॉस्पिटल आणि त्याला जोडलेले, १९६४ पासूनचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय लागते. तिथल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या बाकावर झायलीन आणि इओसिन पोचतात ते अशा घराण्यातून.

ऊतकांच्या सूक्ष्म रचनेचा अभ्यास म्हणजे ऊतकशास्त्र, इंग्रजीत हिस्टॉलॉजी. कॉलेजात त्याला सगळे ‘हिस्टो’ म्हणतात. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी तो शरीररचनाशास्त्राचा एक भाग म्हणून शिकवला जातो, आणि त्याची प्रॅक्टिकले मुंबई-पुण्यात, नागपुरात, सुरतेत कितीतरी वर्षे एकाच साच्यात चालत आली. आधी वीस-पंचवीस मिनिटांचे व्याख्यान, मग प्रत्येकी एक मायक्रोस्कोप, एक स्लाइड, आणि उरलेला वेळ चित्र. चित्रासाठी खास दोन पेन्सिली लागतात, एक गुलाबी आणि एक जांभळी. कॉलेजजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात ‘एच अँड ई पेन्सिल’ असे नुसते म्हटले की दुकानदार काढून देतो. चित्र जर्नलमध्ये उतरते, खाली ओळखीच्या तीन खुणा लिहिल्या जातात, सरांची किंवा मॅडमची सही होते. परीक्षेत स्पॉटर येतात: टेबलांवर मायक्रोस्कोप मांडलेले, प्रत्येकाखाली एक स्लाइड, घंटा झाली की पुढचे टेबल.

या साच्याची अडचण विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यातच कळते. चित्र स्लाइडवरून काढण्यापेक्षा सीनियरच्या जर्नलवरून किंवा डी फिओरेच्या रंगीत अॅटलासवरून काढणे सोपे असते, आणि सहीही तितकीच लवकर मिळते. स्पॉटरमध्ये तर काही जण स्लाइडचा आकार, कडेचा फाटलेला तुकडा, लेबलाचा कोपरा पाहून उत्तर लिहितात. कॉलेजचा स्लाइडसंच वर्षानुवर्षे तोच असल्याने ही माहिती बॅचकडून बॅचकडे जाते. ऊतक न बघता हिस्टॉलॉजीत उत्तीर्ण होता येते, ही त्या पद्धतीतली खरी गोम होती. यंत्रे जुनी असण्याचा दोष त्यापुढे किरकोळ.

चित्र काढणे हे मुळात वाईट नव्हते, हे मात्र सांगायला हवे. ग्रेच्या १८५८ सालच्या सुप्रसिद्ध शरीररचना-ग्रंथातली चित्रे काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला होणाऱ्या, पाय सुजवून त्यातून कण बाहेर टाकणाऱ्या मायसेटोमा या रोगाचे कापलेले ऊतक त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, ते पाहून चित्रे काढली आणि रोगामागे बुरशी असल्याचे दाखवले. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८७४ चा. कार्टरचे चित्र पाहण्याचे साधन होते. रेघ कुठे थांबवायची हे ठरवताना डोळ्याला पेशीची कड शोधावीच लागते. सीनियरच्या जर्नलवरून उतरवलेल्या चित्रात नेमके हेच होत नाही. त्यामुळे प्रॅक्टिकलचा साचा बदलताना पेन्सिल ठेवावी का, या प्रश्नाला सरळ उत्तर आहे: ठेवावी, पण चित्र कमी आणि समोरच्या स्लाइडचे, एखाद्या चौरसातल्या दहा-बारा पेशींचे, रंगीत नसले तरी चालेल असे.

बदलाची सक्ती आली ती वेळेच्या बाजूने. वैद्यकीय शिक्षणाच्या १९९७च्या नियमांनी एमबीबीएसचा पहिला टप्पा दीड वर्षावरून एका वर्षावर आणला. हिस्टॉलॉजीचा पसारा तेवढाच राहिला, तास आटले. त्यानंतरचा मोठा फेरबदल ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या सक्षमताधारित अभ्यासक्रमाचा. त्यात शरीररचनाशास्त्राचे ८२ विषय आणि ४०९ क्षमता मांडल्या होत्या. सर्वसाधारण हिस्टॉलॉजी ६५ ते ७२ या आठ विषयांत येते: अभिस्तर, संयोजी ऊतक, स्नायू, चेताऊतक, रक्तवाहिन्या, ग्रंथी व लसिकाऊतक, हाड व कूर्चा, त्वचा. फुफ्फुस, जठर-आतडी, मेंदू अशा अवयवांची हिस्टॉलॉजी त्या त्या भागात विखुरली आहे. पहिलीच क्षमता वाचली तरी रोख कळतो. विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली अभिस्तर ओळखावा आणि त्याचे प्रकार कार्याशी जोडून सांगावेत, असा तिचा आशय आहे. जुन्या साच्यात प्रश्न ‘हे काय आहे’ इथे थांबत असे. नव्यात ‘हे इथे कशासाठी आहे’ हा प्रश्न नियमातच घातला गेला. प्रयोगशाळेच्या नूतनीकरणाचा गाभा हा दुसरा प्रश्न आहे. पडदे, कॅमेरे, स्कॅनर ही त्याची हत्यारे.

या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच बॅचला सात-आठ महिन्यांत टाळेबंदी गाठली. मार्च २०२० मध्ये कॉलेजे बंद झाली, मायक्रोस्कोप कपाटात राहिले आणि स्लाइडचे फोटो मोबाइलवर जाऊ लागले. फोटो ही तडजोड होती. शिक्षकाने आधीच निवडलेला चौकोन विद्यार्थ्यापुढे येतो. शोधण्याचे काम, जे हिस्टॉलॉजीतले निम्मे काम आहे, त्यात उरत नाही. पण पडद्यावर ऊतक पाहता येते आणि चार जणांनी एकाच वेळी त्याच पेशीवर बोट ठेवता येते, एवढे त्या काळात बहुतेक विभागांच्या ध्यानात आले.

फोटो आणि आभासी स्लाइड या वेगळ्या गोष्टी आहेत. आभासी स्लाइडसाठी स्कॅनर अख्खी काचपट्टी भिंगाखालून सरकवत हजारो तुकड्यांत टिपतो आणि ते तुकडे जोडून एकच चित्र करतो. काप १५ मिलिमीटर लांब-रुंद असेल आणि चित्राचा एक ठिपका पाव मायक्रॉनचा असेल, तर प्रत्येक बाजूला ६०,००० ठिपके होतात, म्हणजे एकूण ३६० कोटी. कच्च्या रूपात ही फाइल १० गिगाबाइटच्या वर जाते. संकुचित केली की काहीशे मेगाबाइट ते एक गिगाबाइट. एवढे चित्र साध्या संगणकावर उघडते, कारण ते नकाशाच्या अॅपसारखे थरांत साठवलेले असते: दूरून पाहताना ढोबळ थर, जवळ जाताना फक्त तेवढ्याच तुकड्याचा बारीक थर. पहिल्या वर्षाला शिकवायला साधारण शंभर स्लाइड पुरतात, म्हणजे सगळा संग्रह खिशातल्या हार्ड डिस्कवर मावतो. अमेरिकेत आयोवा आणि मिशिगन विद्यापीठांनी आपले संग्रह या शतकाच्या पहिल्या दशकापासून सर्वांसाठी खुले केले, आणि सुरतेच्या किंवा धुळ्याच्या वसतिगृहातही ते उघडतात.

काचेपेक्षा पडद्याचे फायदे बोलून दाखवण्याइतके स्पष्ट आहेत. दीडशे विद्यार्थ्यांसाठी दीडशे स्लाइड काढल्या, तर एकाच्या मूत्रपिंडात सुरेख ग्लोमेरुलस येतो, दुसऱ्याच्या कापाला घडी पडलेली असते, तिसऱ्याचा रंग उडालेला. पडद्यावर सगळ्यांपुढे तीच उत्तम स्लाइड येते. तिच्यावर मोजपट्टी चालते, खूण करता येते, रात्री अकराला परत उघडता येते. पडद्यावर आणि काचेवर शिकलेल्यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पडद्यावर शिकणारे किंचित सरस ठरले आणि पसंतीही बहुतांशी पडद्यालाच मिळाली. फरक लहान आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. यंत्र बदलल्याने ज्ञान दुप्पट होत नाही.

तोट्याची बाजू पुस्तकांत कमी येते. काचेवरचा काप अगदी पातळ असला, तरी त्याला खोली असते. फाइन फोकसचा स्क्रू हलवत वरून खाली जाणे ही बोटांची कला आहे, आणि साध्या स्कॅनमध्ये एकच पातळी टिपलेली असते. पुढे हाच विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाईल. सुरत आणि दक्षिण गुजरातच्या पट्ट्यात हिवतापाचा रक्तनमुना अजून काचेवरही तपासला जातो, शंभर पटीच्या भिंगाखाली तेलाचा थेंब टाकून. परजीवी सापडला की नाही, यावर दोन मते झाली तर भिंगाशी डॉक्टरलाच बसावे लागते. ज्याने पहिल्या वर्षात पडदाच पाहिला, त्याला प्रकाश एकवटणारा कंडेन्सर कुठे असतो हे तिथे कोण शिकवणार? शहाण्या विभागांनी म्हणूनच मायक्रोस्कोप भंगारात काढलेले नाहीत. दोन तासांच्या प्रॅक्टिकलचा पहिला तास पडद्याभोवती पाच-सहा जणांच्या गटात चर्चेचा, दुसरा तास भिंगाशी एकट्याचा, आणि स्लाइड घरी आधीच पाहून आलेली, अशी वाटणी सर्वांत चांगली बसते. व्याख्यानाला तिथे जागाच उरत नाही, आणि तेच बरे.

भिंगाशी बसल्यावर विद्यार्थ्याची पहिली अडचण डोळ्याची नसते, कल्पनेची असते. स्लाइड सपाट, अवयव त्रिमितीय. नळी आडवी कापली की वर्तुळ, तिरकी कापली की लंबगोल, उभी कापली की दोन समांतर रेघा. एकाच स्लाइडवर तिन्ही दिसतात आणि नवख्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. हे समजावायला अळूवडी फार उपयोगी पडते. उंडा आडवा कापला की पानांची गुंडाळी चक्रासारखी दिसते, उभा कापला की नुसते थर. सुरतेत तोच पदार्थ पात्रा म्हणून मिळतो, म्हणजे उदाहरण दोन्ही भाषांत चालते. कापाची जाडी समजावायला केस घ्यावा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि मायक्रोटोम ५ मायक्रॉनचा काप काढतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत १४ काप. स्लाइडवर मापासाठी वेगळी पट्टीही लागत नाही. लाल रक्तपेशी सुमारे साडेसात मायक्रॉनची असते आणि जवळजवळ प्रत्येक ऊतकात कुठेतरी सापडते. ती शोधावी आणि बाकी सगळे तिच्या पटीत मोजावे.

स्लाइड कशी बनते हे मात्र विद्यार्थ्याला क्वचित दाखवतात, आणि ही मोठी उणीव आहे. डिसेक्शन हॉलमधल्या मृतदेहाचे ऊतक बहुधा उपयोगी पडत नाही. मरणानंतर पेशी स्वतःच्याच पाचकरसांनी विरघळू लागतात. आतड्याचे अस्तर तर काही तासांत गळते. त्यामुळे शस्त्रक्रियेतून आलेले ताजे ऊतक किंवा खाटकाकडून आणलेला बकऱ्याचा अवयव वापरतात. तुकडा दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, म्हणजे सुमारे चार टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये, बसतो. मग चढत्या टक्क्यांच्या अल्कोहोलमधून जाताना त्यातले पाणी निघते, झायलीनमध्ये अल्कोहोल निघते, आणि साठ अंशांच्या आसपास वितळलेले मेण त्या जागी शिरते. मेण थिजले की ब्लॉक तयार. मायक्रोटोमच्या पात्यावरून काप एकमेकांना चिकटत रिबनसारखे बाहेर येतात. कोमट पाण्यावर तरंगवून ते काचेवर उचलले जातात. हे सगळे करणारा तंत्रज्ञ विभागाचा कणा असतो. त्याच्या हाताने काढलेली रिबन एकदा पाहिली की घडी, सुरकुती, पात्याचा ओरखडा हे दोष विद्यार्थी रोगाच्या खुणा समजत नाही. त्यासाठी वर्षातून एक दुपार पुरते.

याच टेबलावर आधुनिकीकरणाचा एक कमी दिसणारा भाग आहे. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. झायलीनच्या वाफेने डोके दुखते, त्वचा कोरडी पडते. धूर ओढून घेणारे कपाट, झाकणाची भांडी, नायट्राइलचे हातमोजे आणि वापरलेल्या झायलीनची वेगळी विल्हेवाट यांवरचा खर्च स्कॅनरपेक्षा आधी करायला हवा. छायाचित्रात तो दिसत नाही, म्हणून यादीत खाली जातो.

आता दुसरा प्रश्न, ‘हे इथे कशासाठी’. तो प्रयोगशाळेत आणायचा, तर आसपासच्या रोगांइतके चांगले साधन नाही. गालाच्या आतल्या अस्तराची स्लाइड घ्यावी. अनेक थरांचा चपटा अभिस्तर, खाली संयोजी ऊतक. जुन्या जर्नलमध्ये काम इथे संपायचे. मग शेजारी सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्याच्या गालाची स्लाइड उघडावी. वरचा अभिस्तर पातळ झालेला, खालचे सैल ऊतक जाऊन तिथे कोलॅजनचे घट्ट, गुलाबी, एकसारखे पट्टे आलेले, रक्तवाहिन्या आवळलेल्या. सुपारीतले अॅरेकोलीन तंतू बनवणाऱ्या पेशींना डिवचते, त्यातून हे घडते. अशा माणसाचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, तिखट लागले की आग होते, आणि पुढे काहींना कर्करोग होतो. सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात तो हा रोग. १९५२ मध्ये त्याचे वर्णन केनियातल्या भारतीय स्त्रियांवरून झाले आणि लगेच १९५३ मध्ये भारतात जोशी यांनी केले. सुरतेच्या लिंबायत-उधन्यात राहणाऱ्या खानदेशी कामगाराच्या घरात सुपारीची पुडी अनोळखी नाही. दोन स्लाइड शेजारी ठेवल्या की विद्यार्थी अभिस्तराचे थर मोजायला आपण होऊन बसतो, कारण आता त्या मोजण्याला अर्थ आलेला असतो.

त्याहून खोल उदाहरण पाणथरीचे, म्हणजे प्लीहेचे. अभ्यासक्रमात ती लसिकाऊतकाच्या विषयात येते. ओळखीची खूण सोपी: पांढऱ्या गाभ्याच्या, पण जांभळ्या दिसणाऱ्या गोल गाठी, त्यांत एका बाजूला सरकलेली छोटी रोहिणी, आणि भोवती लाल गाभा. ‘पांढरा गाभा जांभळा का?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय एकही वर्ग जाऊ देऊ नये. उत्तर सोपे आहे. ‘पांढरा’ हे नाव उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताज्या पाणथरीवरून पडले. स्लाइडवर त्यातल्या पेशींची दाटीने बसलेली केंद्रके हिमॅटॉक्सिलिन घेतात. लाल गाभ्यात रक्तपेशींना फार अरुंद फटींतून पिळून निघावे लागते. लवचिक पेशी निसटते, म्हातारी अडकते आणि तिथेच गिळली जाते. रचना आणि काम इथे इतके एक आहे की वेगळे शिकवताच येत नाही.

आणि मग सिकलसेल. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात आणि सीमेपलीकडे नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला जाहीर झाली. ऑक्सिजन कमी झाला की बाधित पेशीतले हिमोग्लोबिन लांब दोऱ्यांत जुळते आणि पेशी कोयत्यासारखी वाकते. अशी ताठ पेशी पाणथरीच्या फटीत अडकणारच, हे लाल गाभा पाहिलेल्या विद्यार्थ्याला न सांगता कळते. परदेशी पुस्तकात पुढे असे लिहिलेले असते की रक्तपुरवठा तुटत तुटत लहानपणीच पाणथरी सुकते आणि व्रणाचा गोळा उरतो. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत असे बरेचदा घडते. भारतातल्या आदिवासी रुग्णांत मात्र गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त प्रमाणात टिकते, आजाराचा जोर तुलनेने कमी असतो आणि पाणथरी अनेकदा पुढच्या वयापर्यंत वाढलेलीच राहते. सुरतेच्या सिव्हिलमध्ये डांग किंवा नवापूरकडचा असा रुग्ण दिसतो, तेव्हा परदेशी अॅटलासमधली सुकलेली पाणथरी शिकलेला विद्यार्थी गोंधळतो. इथल्या शवविच्छेदनांतून, शस्त्रक्रियांतून निघालेल्या स्लाइडचा संग्रह कोणत्याही आयात संग्रहाने भरून येत नाही, तो याच कारणाने.

असे शिकवले तर परीक्षा जुन्या स्पॉटरवर ठेवून चालत नाही. विद्यार्थी नेहमी परीक्षेकडे पाहूनच अभ्यास करतो. त्यात त्याला दोष देता येत नाही. प्रश्नाची भाषा थोडी वळवली तरी पुरते. स्लाइड ओळखा, याऐवजी बाण दाखवलेल्या थराच्या जागी घट्ट तंतू आले तर रुग्णाला काय जाणवेल? ही नळी रोहिणी की नीला, आणि भिंतीतल्या कोणत्या थरावरून? अपरिचित स्लाइड द्यावी, जी त्या वर्षी कोणी पाहिलेली नाही, आणि निष्कर्षाला कमी, कारणांना जास्त गुण द्यावेत. संगणकावर परीक्षा घेतली की लेबलाचा कोपरा पाहून उत्तर देण्याची सोय आपोआप बंद होते. उलट एक स्टेशन खऱ्या मायक्रोस्कोपचे ठेवावेच, जिथे विद्यार्थ्याने स्वतः स्लाइड ठेवून प्रकाश जमवावा, ऊतक शोधावे आणि फोकस करून द्यावा.

हीच गरज बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्रालाही आली आहे, वेगळ्या वाटेने. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांची विच्छेदने टप्प्याटप्प्याने थांबवण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१४ मध्ये ती पूर्ण थांबवली. उंदीर-बेडकाचे ताजे ऊतक कापून पाहण्याची रीत त्याबरोबर गेली. उरल्या त्या कपाटातल्या तयार स्लाइड, आणि त्यांची संख्या तुटत-फुटत घटणारी. जळगाव किंवा सुरतेच्या विद्यापीठाखालच्या छोट्या कॉलेजला आभासी संग्रह मेडिकल कॉलेजपेक्षाही जास्त लागतो.

पैशाचा प्रश्न दिसतो तितका अवघड नाही. स्कॅनरची किंमत लाखांच्या घरात जाते, पण तो प्रत्येक विभागाने विकत घेण्याचे कारणच नाही. शंभर स्लाइड एकदाच स्कॅन करायच्या आहेत. ज्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात यंत्र आहे, तिथे ते काम काही दिवसांत होते. तेही नसेल तर तीन नळ्यांच्या मायक्रोस्कोपवर कॅमेरा बसवून सगळ्या वर्गाला थेट भिंग दाखवता येते. सर्वांत स्वस्त मार्ग आयपीसवर मोबाइल बसवणाऱ्या क्लिपचा: शेजारशेजारचे फोटो काढायचे आणि मोफत सॉफ्टवेअरने जोडायचे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात तयार झालेले क्यूपाथ हे मोफत साधन २०१७ पासून प्रसिद्ध आहे. स्कॅन केलेल्या स्लाइडवर ते केंद्रके मोजून देते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एका चौरसातली केंद्रके आधी हाताने मोजावीत आणि मग यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावीत. यंत्र कुठे दोन केंद्रकांना एक धरते, हे कळणे पुढच्या काळात उपयोगी पडणार आहे.

दुर्लक्षित खर्च देखभालीचा असतो. तापीकाठची आणि कोकणातली दमट हवा मायक्रोस्कोपची शत्रू आहे. भिंगावर बुरशीची जाळी चढते, आणि जून ते सप्टेंबर मायक्रोस्कोप बंद पेटीत राहिला तर ऑक्टोबरात धूसर चित्र दिसते. सिलिका जेलच्या पुड्या किंवा आत छोटा दिवा लावलेले लाकडी कपाट यावर पुरते. नवीन मायक्रोस्कोप मागवण्याच्या प्रस्तावाआधी ते कपाट व्हायला हवे.

स्कॅन करायला बसताना कोणत्या पेटीपासून सुरुवात करायची, हे ठरवलेले बरे. उजेडात राहिलेल्या स्लाइडचे रंग उडतात, वरची काच चिकटवणाऱ्या डीपीएक्सचे थर कडेने सुटतात. पुन्हा बनवता येणाऱ्या बकऱ्याच्या यकृताची, जिभेची घाई नसते. आधी घ्यावी ती मानवी गर्भाच्या विकासाची पेटी, मग माणसाचे वृषण, अंडाशय, थायमस, डोळा; असे ताजे ऊतक आज संमतीच्या कागदाशिवाय मिळत नाही, आणि मिळाले तरी वेळेत फॉर्मलिनमध्ये पडत नाही. लेबलावर रुग्णाचे नाव किंवा नोंदणी क्रमांक असेल तर तो चित्रातून झाकावा. अवयव, रंग, साल आणि ऊतक माणसाचे की प्राण्याचे, एवढेच फाइलच्या नावात राहावे. स्कॅन झाल्यावर काचपट्टी पुसून परत पेटीत, आडवी, अंधारात.